आधी इचारा, डाग कसलो

सांगलीहून लग्न होऊन वेंगुर्ल्यात आले आणि वर्षभरात एक गोष्ट पक्की कळली, की डागांनाही आपापला मुलूख असतो.

माहेरी डाग म्हणजे हळद. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीतल्या कोठारांतून, हळद बाहेर निघायची त्या दिवसांत त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या, धोतराचा सोगा, टोपीची कड, सगळंच पिवळं असे. आईला त्याचं काहीच वाटत नसे. साबण लावला की पिवळा डाग क्षणात लाल होई. नवखी बाई अशा वेळी घाबरून आणखी साबण घासते. आई मात्र तेल निघेपर्यंत कपडा धुऊन स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यायची आणि गच्चीवर उलटा वाळत टाकायची. बाकीचं काम सांगलीचं ऊन करी. पुढे बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं तेव्हा त्यामागचं कारण समजलं. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात तांबडं होतं, आम्लात पुन्हा पिवळं होतं आणि सूर्यप्रकाशात फार काळ तग धरत नाही. चुना लावून हळदीचं कुंकू करतात ते त्याच गुणावर.

वेंगुर्ल्यात ही विद्या निम्मीशिम्मी बाद झाली. जून ते सप्टेंबर ऊनच नाही; वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि डागही ओळखीचे नव्हते. ओल्या काजूच्या टरफलाचा डाग, काजूच्या बोंडूच्या रसाचा डाग, केळीचा चीक, फणसाचा चीक, कोकमाचा आगळ, पावसाळ्यात परकराच्या काठाला चढणारी तांबडी माती. सासूबाईंच्या कपाटात ‘केळीची लुगडी’ वेगळी होती आणि मामंजींची ‘काजूची धोतरं’ वेगळी. कोऱ्या कपड्याने बागेत जायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. मुलांना बोंडू खायला देताना आधी सदरे उतरवून ठेवत.

हे सगळे डाग ज्यांच्याकडे जात, त्या बाई दर दोन-तीन दिवसांनी मागच्या दाराने येत. त्या मडवळ, म्हणजे आमच्या देशावरचे परीट. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही, मडवळीण एवढंच. मी काकी म्हणू लागले. त्यांना ते विचित्र वाटलं असावं, कारण बराच काळ त्या मला ‘बाईनू’ आणि अहो-जाहोच करत राहिल्या. मी तिथल्या शाळेत सायन्स शिकवायला लागले होते, हेही एक कारण.

काकी गाठोडं बांधायच्या आधी प्रत्येक डागापाशी थांबत आणि तीन प्रश्न विचारत. “आधी इचारा, डाग कसलो? कधी पडलो? त्येच्यावर काय लायलात?” तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत खोटं उत्तर मिळतं, असं त्यांचं मत होतं. कुणीतरी गुपचूप गरम पाणी ओतलेलं असतं, नाहीतर साबणाची वडी घासलेली असते. त्या कपडा नाकाशी नेत, डागाची कड बोटांनी चाचपत, उजेडाला उलटा धरून बघत आणि मग ठरवत.

केळीच्या चिकाचंच घ्या. ओला असताना तो पाण्यासारखा असतो, दिसतच नाही. माणूस निर्धास्त राहतो. हवा लागली की तासाभरात तपकिरी, दुसऱ्या दिवशी जवळजवळ काळा. त्यातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनसारखी, हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडतात आणि सुती धाग्याला घट्ट धरून बसतात. त्यात लोखंड भेटलं तर आणखी काळी होतात, म्हणून विळीवर कच्ची केळी चिरली की बोटं काळी पडतात. काकींना टॅनिन ठाऊक नव्हतं, पण चिकाचा कपडा गंजक्या बादलीत भिजवलेला दिसला की त्या बादली ओतून देत. ओल्या चिकाला पाण्याआधी खोबरेल तेल, तेल मुरलं की मग साबण. फणसाच्या चिकाला तर तेलच हवं, कारण तो पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच कोकणात फणस फोडताना सुरीला आणि हाताला आधी तेल लावतात. काजूच्या टरफलाचं तेल त्याहून द्वाड. त्याने कपडाच नव्हे, कातडीही जळते. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल चोळून बसतात ते त्यासाठी. त्या डागाला रॉकेल, आणि रॉकेल लावलेला कपडा चुलीपासून चार हात लांब.

केळीच्या चिकाचा जुना डाग समोर आला तर काकी सरळ सांगत, “हो जावचो नाय.” त्यावर चर्चा नाही. सासूबाई एकदा हट्टाला पेटल्या, नव्या लुगड्याचा पदर होता. काकी म्हणाल्या, “काडतंय म्हणान सांगलंय तर डागाबरोबर पदर पण जातलो.” लुगडं केळीच्या लुगड्यांत गेलं. हल्ली मोबाइलवर कुठलाही डाग अर्ध्या मिनिटात घालवून दाखवणारे उपाय फिरतात, ते बघताना मला काकींचा हा नकार आठवतो. सगळे डाग जातात असं सांगणारा माणूस एकतर डाग ओळखत नाही किंवा कपड्याची पर्वा करत नाही.

तांबड्या मातीबद्दल त्यांचं म्हणणं देशावरच्या कुणालाही पटणार नाही असं होतं: ओली असताना हात लावायचा नाही. चिखल पूर्ण वाळू द्यायचा, झटकायचा, घासणीने कोरडाच झाडायचा, आणि उरलेल्या लालीपुरतंच पाणी वापरायचं. कारण साधं आहे. चिऱ्याच्या जमिनीतला तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा. बारीक कण ओले असताना चोळले की धाग्याच्या आत जाऊन बसतात. जी लाली उरे तिच्यावर आणि गंजाच्या डागांवर काकी बिलंबी चोळत. परसात बिलंबीचं झाड होतं, बुंध्यालाच लगडलेली हिरवी फळं, चव घेतली तर कानशिलं आखडावीत अशी आंबट. त्या फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते लोहाला विरघळवून पाण्यात ओढून घेतं. आम्ही प्रयोगशाळेत बाटलीतलं पांढरं ऑक्झॅलिक वापरायचो, ‘विषारी’ असं लिहिलेलं. काकींची बाटली झाडावर लटकत होती. (बिलंबीचं लोणचं खा, पण रस पेल्याने पिऊ नका. तेच आम्ल मूत्रपिंडाला घातक ठरतं.)

त्यांची धुण्याची जागा व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, होती, एक मोठी काळी धोंड. पांढऱ्या कपड्यांना नारळाच्या सोडणांची राख घातलेलं पाणी. ते पोटॅशने खारं असतं आणि तेलकटपणा साबणासारखा कापतं. रेशमाला मात्र राख नाही, सोडा नाही, फक्त रिठा. रेशीम आणि लोकर क्षाराने कुजतात, हे मला पुस्तकात वाचायला लागलं होतं. आमच्या घरची एक पैठणी होती, मामंजींच्या आईची. ती काकी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत.

एक गोष्ट मात्र त्यांना माझ्याकडून मिळाली, ती सांगते, कारण काकी स्वतः ती पुढे दहाजणांना सांगत फिरल्या. गावातल्या एका दवाखान्याच्या चादरी त्यांच्याकडे असत. काकी चादरींना भाताच्या पेजेची खळ देत, कडक. त्यावर टिंक्चर आयोडीन सांडलं की तपकिरी औषधाचा डाग निळा-काळा पडे. औषध तपकिरी आणि डाग निळा, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. स्टार्च आणि आयोडीन भेटले की निळा रंग येतो, हे आठवीच्या मुलालाही शिकवतात. मी बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओतून थोडा हायपो विकत आणला, फोटो धुताना वापरत तो. पाण्यात विरघळवून डागावर ओतला. डाग डोळ्यांदेखत नाहीसा झाला. काकी कितीतरी वेळ चादर उलटीसुलटी करत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाईनू, ह्या तुमी पुस्तकात शिकलात?” हो म्हटल्यावर म्हणाल्या, “मग पुस्तकात रगताचा काय सांगलला?”

रक्ताचं पुस्तकात काही सांगितलेलं नव्हतं. प्रथिनं उष्णतेने गोठतात एवढं होतं, अंड्याच्या उदाहरणासकट. रक्ताचा डाग गरम पाण्यात घालू नये, हे त्यातूनच निघतं. पण ते वाक्य पुस्तकात नव्हतं. काकींनी ते दिलं: “गरम पाण्यान रगात शिजता.” थंड पाणी, मूठभर मीठ, दोनदा पाणी बदलायचं आणि साबण सगळ्यात शेवटी.

ते मला लवकरच उपयोगी पडायचं होतं.

माझी आई त्या वर्षी आजारी होती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. ऐन जुलै. दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आले तेव्हा सुवेर, म्हणजे बाळंतपणाचं सोयर, सुरू होतं. आमच्या घरात ते कडक पाळत. सासूबाई प्रेमळ होत्या, जेवण, शेक-शेगडी, बाळाचं अंग चोळणं, सगळं स्वतः बघत किंवा बघायला लावत. पण माझ्या रक्ताच्या कपड्यांना घरातलं कुणी शिवत नव्हतं. ते काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या मडवळणीकडे दिलेलं होतं. जिच्या हाताने सगळ्या घराचं अशुद्ध बाहेर जायचं, ती ओटीवरसुद्धा बसायची नाही, मागच्या पडवीत उभी राहायची. त्यात मला तेव्हाही काही चूक दिसत होती, आज तर ती ढळढळीत दिसते. पण त्या पंधरवड्यात मी अंथरुणाला खिळलेली होते आणि काकी रोज येत होत्या.

पावसात कपडे वाळेनात. काकी निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी, झबली आणि लंगोट पसरत. माझे कपडे त्या व्हाळावर नेत, वाहत्या पाण्यात.

बारसं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी काकी नेहमीच्या वेळी कपडे घेऊन गेल्या आणि तासाभरात भिजलेल्या तशाच परत आल्या. कपडे न धुता. मी माजघरातून ऐकत होते. त्या सासूबाईंना पडवीतून म्हणत होत्या की इतक्या दिवसांनी रक्त फिकं पडायला हवं, आधी तपकिरी, मग पिवळट. हिचं अजून लालभडक आहे, गाठी येतायत आणि वास वेगळा आहे. “माजा ऐका, हिका आजच्या आज डाक्टराकडे न्हेवा. मी हजार बाळंतिणींचे कपडे धुतलंय. हो डाग बरो नाय.”

सासूबाईंनी आधी ते मनावर घेतलं नाही. बाळंतिणीला असं चालतंच, त्या म्हणाल्या. मला ताप होता, पण तो दुधाचा असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. काकी गेल्या नाहीत. न धुतलेलं कापड हातात घेऊन मामंजी येईपर्यंत पडवीत उभ्या राहिल्या, आणि ज्या गोष्टी त्या काळी बायका पुरुषांसमोर बोलत नसत त्या मामंजींना सांगितल्या. गाडी ठरली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि संध्याकाळी गर्भाशय साफ केलं. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, त्याने रक्त थांबत नव्हतं आणि जंतू धरू लागले होते. आणखी दोन दिवस काढले असते तर काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं. मला ते कितीतरी वर्षांनी कळलं.

मी शाळेत क्षारपरीक्षण शिकवत असे. अज्ञात क्षार दिला की मुलं आधी परीक्षानळी तापवायला घेतात. मी त्यांना थांबवून सांगायची, आधी रंग बघा, वास घ्या, कुठून आलाय विचारा. ही शिस्त माझ्या वर्गात त्या पावसाळ्यानंतर आली. त्याआधी मीही तापवायलाच घेत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

बरी झाल्यावर मी काकींना पैसे द्यायला गेले. त्यांच्या घरात भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर होती, हातात मडकं असलेली. परटाच्याच घरात 1876 साली जन्मलेला आणि गावोगावची घाण स्वतःच्या हाताने झाडत फिरलेला माणूस. त्या तसबिरीकडे बोट दाखवून त्या काही बोलल्या नाहीत, उगाच मोठं करून सांगत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “बाळंतिणीच्या कपड्यांचे पैसे मी घेवचंय नाय गो.” रीतीप्रमाणे लुगडं आणि नारळ मात्र घेतला, आणि लुगड्याचा पोत बोटांनी तपासूनच घेतला. अहो-जाहो त्या दिवशी सुटलं ते कायमचं.

घरातल्या बाकीच्या डागांबद्दल काकींना फारसं देणंघेणं नव्हतं, ते मी स्वतः शिकले, थोडक्यात सांगते. पुढे ओट्याला कडाप्पा बसला. कडाप्पा आणि शहाबादी फरशी चुनखडीच्या जातीच्या, म्हणून त्यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, कोकम काहीही आंबट घालू नये. पांढरा चट्टा उठतो तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची हल्ली फॅशन आहे. फेस छान दिसतो, पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून उरतं ते बहुतेक पाणीच. दोन्ही वेगवेगळे वापरा. आणि ब्लीचिंगचं पाणी संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

आता काकींच्या खुणांबद्दल, म्हणजे कुठला कपडा कुठल्या घरचा हे ओळखायच्या. काकींना अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराची खूण ठरलेली होती. बिब्ब्याला सुई टोचून ती कपड्याच्या कोपऱ्यात टेकवायची, वर चुन्याचं बोट. ठिपका काळा होतो आणि कपडा फाटला तरी जात नाही. साऱ्या हिंदुस्थानात धोबी हेच करत. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर आणि कमरेवर, बरोबर जिथे धोब्याची खूण टेकायची तिथे, फोड उठले तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्याचं मूळ बिब्ब्यात शोधून काढलं. बिब्बा, काजू आणि आंबा वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली भावंडं. त्यांच्या चिकातली तिखट द्रव्यंही नात्यातली. काजूच्या ज्या चिकाशी काकींचं आयुष्यभर भांडण, त्याच घराण्यातल्या फळाने त्या स्वतःची न जाणारी सही करत.

आमच्या घराची खूण दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. बाळाच्या दुपट्यावर त्यांनी बाजूला आणखी एक बारीक ठिपका घातला होता. दाभोलीच्या एका घराची तीन ठिपक्यांची चूल, उभादांड्याच्या एकाची फुली, सावकाराच्या घरची फुली वर्तुळात. दीडदोनशे घरं त्यांच्या डोक्यात होती आणि मी कधी गाठोडं चुकलेलं पाहिलं नाही.

वॉशिंग मशीन आली, गाठोडी कमी झाली. काकींचा मुलगा म्हापशाला लाँड्रीत इस्त्री करायला गेला, तिथे कागदाची चिठ्ठी टाचतात. काकी गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या खुणा मी लिहून घेतल्या, पण मला माहीत होत्या तेवढ्याच, मूठभर घरांच्या.

वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ, मालवण, पेडणे या पट्ट्यात ज्यांच्या घरी जुन्या पेट्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पेटीतली धोतरं, लुगडी, दुपटी बाहेर काढा, कोपरे तपासा. बिब्ब्याची खूण दिसली तर ती वहीत उतरवा, आणि शेजारी घराचं नाव लिहा. त्याखाली ती खूण घालणाऱ्या बाईचं नावही लिहा, ते ठाऊक असलेली माणसं अजून गावात आहेत.